ताकदीची गोळी

मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या केदारखेड्यात हे कुणालाच पटत नाही. फौजेतला माणूस भित्रा कसा असेल, असा त्यांचा सवाल असतो. मी इंजिनिअर पलटणीत सॅपर आहे. नदीवर लोखंडी पूल टाकायचे, डोंगर फोडून रस्ता करायचा आणि जमिनीत पुरलेले सुरुंग हुडकून काढायचे, ही आमची कामं. गावातल्या मंडळींना यातलं पहिलं फार आवडतं, दुसरं चालतं, आणि तिसऱ्याबद्दल मी घरी कधी चकार शब्द काढलेला नाही. मायला वाटतं, तिचा लेक पूल बांधतो. बांधतो, पण बारा महिने नाही.

आम्हाला शिकवणारे उस्ताद मोठे गप्पिष्ट होते. कवायतीत जीव काढायचे आणि सावलीत बसलं की इतिहास सांगायचे. आपण टाकतो तो पूल मुळात जुन्या महायुद्धातला, असं त्यांनीच सांगितलं. क्रेन नाही, उजेड नाही, वरून तोफा चाललेल्या, अशा वेळी माणसांनी नुसत्या हातांनी जोडावा म्हणून तो तसा बनवला. म्हणून त्याचा एकेक सांगाडा सहा जणांना उचलता येईल एवढाच जड. दोन सांगाड्यांना जोडणारी जी खीळ असते, तिला आम्ही पिन म्हणतो. पेटीतून निघालेल्या पिना आणि पुलात बसलेल्या पिना यांचा मेळ लागला नाही तर पुलावर कुणाला चढू देत नाहीत. सुरुंगांचंही तसंच. "जो सापडला नाही तो आपल्या पायाखाली आहे, असं समजून चाला," असं ते म्हणायचे. बाकी पुष्कळ विसरलो, पण हे माझ्या हाडात मुरलं आहे.

शिपायाच्या जेवणाचाही इतिहास त्यांना पाठ होता. पूर्वी झोळीत भाजलेले चणे, गूळ आणि सातूचं पीठ असायचं. मग पत्र्याचे डबे आले, मग पिशवीभर शक्करपारे. एका जुन्या मोहिमेत नुसत्या शक्करपाऱ्यांवर पलटणीनं रस्ता कसा काढला, हे ते इतक्या वेळा सांगायचे की आम्हाला शक्करपारा बघितला तरी झोप यायची. आमच्या वाट्याला आला बंद पुडा. शेवाळी रंगाचा, जाड, त्यात पुलाव, शिरा, चपात्या, चहाची पूड, चॉकलेट. शिवाय एक दुमडायची पत्र्याची चूल, वाऱ्यात न विझणाऱ्या काड्या आणि पट्टीत बसवलेल्या पांढऱ्या चौकोनी गोळ्या. या गोळ्या म्हणजे जळण. एक पेटवली की निळसर जाळ येतो, धूर होत नाही, आणि मगभर चहा उकळतो. उस्तादांनी पहिल्याच दिवशी ती गोळी हातात धरून बजावलं होतं की ही पोटात गेली तर पोट आतून पोळतं, तेव्हा जिभेलासुद्धा लावायची नाही.

मी सुटीवर येताना असा एखादा पुडा वाचवून आणतो. त्याची आमच्या गल्लीत एक रीत पडून गेली आहे. विहारामागची आमची गल्ली लहान, घराला घर चिकटलेलं. माय पुडा ओट्यावर सगळ्यांदेखत खोलते आणि घरातल्या कुणाच्या तोंडाला लागायच्या आधी गल्लीत वाटते. शिरा चमच्याचमच्यानं, चपातीचे चतकोर, आणि चॉकलेटचे तुकडे अडकित्त्यानं. आम्हाला शेवटी रिकामा पुडा मिळतो. फौजेचं अन्न म्हणजे त्यात काही वेगळंच सत्त्व असणार, अशी सगळ्यांची खात्री. ते खाऊन आमची पलटण कशी कंटाळते, हे सांगायची माझी हिंमत नाही. मी एवढंच करतो की मायच्या हातात पुडा द्यायच्या आधी त्याची एक कड सोडून चूल, काड्या आणि गोळ्या काढून कपाटाच्या वर टाकतो.

गेल्या थंडीत आलो तेव्हा माझी अवस्था काही ठीक नव्हती. वर डोंगरात बर्फ वितळलं की माती सरकते आणि मातीबरोबर जुने सुरुंगही सरकतात. नकाशात एकीकडे, प्रत्यक्षात भलतीकडे. माझ्या पुढे चालणाऱ्या जोडीदाराचा पाय अशाच एका सरकलेल्या सुरुंगानं नेला. मी त्याच्या मागे, त्याच्याच पावलांवर पाय टाकत येत होतो. तो वाचला, पण त्या आवाजानंतर माझं काहीतरी बिघडलं. घरी आल्यावरही शेतात जाताना मी मोकळ्या मातीत पाय टाकत नव्हतो. कुणीतरी पुढे गेलेलं असेल, त्याच्या ठशावरच पाय ठेवायचा. हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं मला वाटत होतं. माय विचारायची, कसं चाललंय, आणि मी म्हणायचो, पुलाचं काम चालू आहे, हवा छान आहे.

त्या दिवशी सकाळी बायकोला सोडायला मी जालन्याला गेलो. ती एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला आहे, आणि तिचा रोजचा टेम्पो आला नव्हता. पुडा अजून माझ्या बॅगेतच होता. येऊन खोलू, असं मायला सांगून गेलो होतो. दुपारी परत आलो तर माय ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि तिच्या बाजूला पत्र्याची चूल उन्हात चमकत होती.

"पुडा खोलला व्हय?" मी गाडीवरूनच विचारलं.

"खोलला. तुझीच वाट पाहून राह्यले व्हते, पन शेजारच्या पोरीच्या पोटात दुखाया लागलं. म्हनलं, जाता जाता तिच्या हातावर काही ठिवावं."

शेजारची पोर म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या मावशीची लेक. लहानपणापासून माझ्या मागे मागे फिरलेली. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अंगात रक्त कमी, चेहरा पांढरा पडलेला.

ओट्यावर गोळ्यांची पट्टी दिसत होती. ती मी उचलली. तिची दोन घरं फोडलेली होती.

"माय, या गोळ्या कुठं गेल्या?"

"दिल्या. एक समोरच्या खालाला, गुडघे लई दुखतेत तिचे. अन् एक पोरीला. ताकदीच्या हायेत न त्या?"

मी तिला सांगितलं की या ताकदीच्या नाहीत, जळणाच्या आहेत, चूल पेटवायच्या आहेत. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलतोय.

"जेवणाच्या पुड्यात जळण कशाला घालतील कोनी?"

"माय, विष हाय ते."

तिच्या हातातली शेंग खाली पडली. मग ती जे बोलली ते मी अजून विसरलेलो नाही. "तू दर टायमाला त्या गोळ्या आधी काढून कपाटावर ठिवतो. मला वाटलं, समदी ताकद त्याच्यातच आसंल, म्हून काढतो. माझं लेकरू तिथं लोखंड उचलतं, त्याला लागत्यात, म्हून मी कधी मागितल्या न्हाईत. पन पोरीला रक्त न्हाई रे. सरकारी दवाखान्याची आशाताई बी तिला रक्ताच्या गोळ्याच देती. म्हनलं, फौजेची गोळी तर त्याच्याहून बरी आसंल."

तिला काय बोलणार? मीच इतक्या जपून त्या काढून ठेवत होतो की त्याचा तिनं वेगळाच अर्थ लावला. मला तिचा राग आला, माझा आला, आणि पुड्यात अन्नाशेजारी विष ठेवणाऱ्या त्या कोण शहाण्यांचाही आला. पण रागापेक्षा भीती मोठी होती.

खाला समोरच्याच घरात राहतात. पळत गेलो तर त्या दारात बसून चूळ भरत होत्या. म्हाताऱ्या, पण जिभेला अजून धार.

"बेटा, तुमची फौज हे कसं खाऊन राह्यली रे? जिभेला लावली अन् थू करून टाकली. बिलकुल जहर."

"गिळली न्हाई न, खाला?"

"मी काय येडी हाव का? ती पाह्य, नालीकडं फेकली."

मी नालीच्या काठाला गुडघे टेकले. खाला हसत होत्या, फौजी नालीत काय हुडकून राह्यला म्हणून. पण मला ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. काडीनं कचरा बाजूला करत करत, वर डोंगरात करतो तसंच, बोटाएवढी जागा तपासून मगच पुढची. सापडली. एका कडेला ओली, बाकी जशीच्या तशी. एक मिळाली, आता दुसरी.

मावशीच्या दाराला कुलूप होतं. माय माझ्या मागोमाग आली होती, तिला धाप लागली होती. सरकारी गाडी येऊन पोरीला भोकरदनच्या दवाखान्यात घेऊन गेली, असं तिनं सांगितलं.

"तिनं गोळी खाल्ली का माय? तुझ्यासमोर खाल्ली?"

"न्हाई. मीच म्हनलं, आत्ता नगं खाऊ. लई कळा यायला लागल्या, जीव थकला, की मंग खा, जल्दी ताकद येईल. तिनं ओढणीच्या टोकाला गाठ मारून घेतली."

मी मावशीला फोन लावला. कुलूपबंद घराच्या आत तो वाजायला लागला. फळीवर कुठंतरी चार्जिंगला लावलेला, आणि बाहेर मी दाराला कान लावून उभा. दुसऱ्यांदा लावला, दुसऱ्यांदाही आतच वाजला. मायनं माझा दंड धरला. "जा तू," एवढंच म्हणाली.

केदारखेड्याहून भोकरदनला मी हजार वेळा गेलो असेन. त्या दिवशी तो रस्ता संपता संपेना. कापूस भरलेला एक टेम्पो पुढे चालला होता, दोन्ही बाजूंनी फुगलेला, ना उजवीकडून वाट ना डावीकडून. मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही, पण कापसाच्या गठ्ठ्यामागे बसलेल्याला तो ऐकू जाणार कसा? शेवटी डांबर सोडून गाडी कच्च्या साइडपट्टीवर घातली. ज्या मोकळ्या मातीत पाय ठेवायची मला घरी आल्यापासून छाती होत नव्हती, तिच्यावरून गाडी उडवत नेली. माझ्या हे ध्यानात आलं ते पुढे गेल्यावर. वाटेतला पूल आला. पूल दिसला की त्याचे खांब, त्याचे जोड बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही, घरचे त्यावरून मला चिडवतात. तो पूल मी न बघताच ओलांडला.

डोक्यात एकच चित्र फिरत होतं. कळा येत आहेत, पोर घामाघूम झाली आहे, आणि ती गाठ सोडते आहे. मायवरच्या विश्वासानं. माझ्या वर्दीवरच्या विश्वासानं.

मायचं पुढं काय झालं ते इथंच सांगतो. त्या दिवसापासून तिनं धसका घेतला. मी काहीही आणलं की ती आधी विचारते, "हे खायचं का जाळायचं?" जालन्याहून मिठाईचा डबा आणला तरी तेच विचारते. गल्लीतले हसतात. मी हसत नाही.

दवाखान्यात मावशी बाळंतपणाच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसली होती, मांडीवर कपड्यांची पिशवी घट्ट धरून. मला पाहून ती उठलीच. तिला वाटलं गावात काहीतरी झालं.

"मावशी, तिची ओढणी कुठंय?"

"ओढणी? पिशवीत. आत कपडे बदलाया लावले. काय झालं रे?"

पिशवी मी तिच्या हातातून ओढूनच घेतली. ओढणी निघाली. तिच्या टोकाला चुण्या पडलेल्या होत्या, गाठ बांधून सोडल्यावर पडतात तशा. गाठ सुटलेली होती आणि आत काही नव्हतं. मी ती ओढणी झटकली, उलटी केली, पिशवी बाकड्यावर रिकामी केली. लंगोट, दुपटी, साबण, पावडरचा डबा. गोळी नव्हती.

"मायनं दिलेली गोळी तिनं खाल्ली का?"

"खाल्ली आसंल की. गाडीत मी डोळे मिटून बसले व्हते. काय हाय त्या गोळीत? सांग न रे."

मी दार ठोकलं. सिस्टर बाहेर आल्या त्या चिडूनच. पुरुषांनी इथं यायचं नाही, असं म्हणून दार लावायला लागल्या. मी दारात पाय घातला. मग जे काय तोंडाला येईल ते बोललो. फौजेची गोळी, जळणाची, विषारी, तिच्याकडे होती, आता नाही. सिस्टरांचा चेहरा पालटला. त्या आत गेल्या आणि त्यांनी डॉक्टरांना मारलेली हाक मला ऐकू आली. थोड्या वेळानं त्यांनी दार किलकिलं केलं.

"किती मोठी होती?"

मी बोटांनी दाखवलं.

"विचारलं तिला. नीट बोलत नाही, नुसती मान हलवते. कळेत आहे. डॉक्टर बघताहेत." आणि दार लागलं.

मान हलवते म्हणजे काय? हो म्हणून की नाही म्हणून? ते विचारायचंच राहिलं. मी भिंतीला टेकून खाली बसलो. मावशी रडायला लागली होती. सुरुंगाच्या जमिनीत निदान हातात काहीतरी असतं. माती चाचपायची टोचणी असते, सुरुंगाची हद्द दाखवणारी पांढरी फीत असते, पुढची वीतभर जमीन असते. इथं नुसतं दार होतं. मी विहारात लहानपणी शिकलेली वंदना मनात म्हणायला लागलो आणि ती मध्येच विसरलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा तिथंच अडलो. जोडीदाराचा पाय गेला तेव्हासुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो, कारण तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मग बाळ रडलं. मावशी उठून उभी राहिली आणि माझा खांदा धरून तशीच उभी राहिली. बाळ रडलं म्हणजे बाळ आहे. तिचं काय?

बऱ्याच वेळानं सिस्टर आल्या. मुलगी झाली, वजन थोडं कमी आहे, पण दोघी चांगल्या आहेत. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गोळी खाल्लेली नाही तिनं. हातातच होती. एक मूठ काही केल्या उघडत नव्हती, आम्हाला वाटलं कळांमुळं आवळलीय. तुम्ही सांगितल्यावर उघडायला गेले तर माझ्यावरच डाफरली. म्हणे, ही दुसऱ्याची आहे."

खाटेवर हलवल्यावर मला आत सोडलं. ती उशीला टेकून पडली होती. एका हाताला सलाईन, कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. दुसरा हात तिनं माझ्यापुढे केला आणि मूठ उघडली. मायनं गोळीला गुंडाळलेला कागद घामानं भिजून तिला चिकटला होता. तळहातावर तिचे कोपरे उमटले होते.

"दादा, ही घ्या तुमची."

"खाल्ली का न्हाईस?" मी विचारलं. "मायनं तर सांगितलं व्हतं."

"तिला न्हाई कसं म्हनायचं, म्हून घेतली. पन खाणार न्हवते." तिला बोलायला त्रास होत होता. "मी गच्चीवर उन्हाला बसते न रोज. तुम्ही शेताकडं जाता ते दिसतंय तिथनं. या खेपेला तुम्ही दुसऱ्याच्या पावलावर पाय ठिवून चालून राह्यले. रिकाम्या जागी पाय टाकीत न्हाईत. तुम्हाला भ्या वाटतंय, दादा. म्हनलं, आपल्यापरीस त्यास्नी लागंल ताकद."

पलटणीत मला कुणी हे विचारलेलं नव्हतं, घरातही नाही. मी उत्तर जुळवायला गेलो, पुलाचं, हवेचं, आणि ते जुळेना.

"हो," मी म्हणालो. "लई वाटतं."

तिनं मान हलवली, जणू आपलं म्हणणं खरं ठरलं एवढंच. मग गोळी माझ्या हातात ठेवली. "सिस्टर म्हनल्या, जळणाची हाय. आसू द्या. तिथं थंडीत चहा तरी व्हईल."

मी बाहेर आलो, व्हरांड्याच्या खांबाला धरलं आणि रडलो. मावशीला वाटलं आनंदानं, आणि तिनं मायला फोन करायला माझाच मोबाइल मागून घेतला.

सुटी संपून वर गेलो तेव्हा भीती काही कमी झालेली नव्हती. कामाच्या पहिल्या सकाळी, पांढऱ्या फितीच्या आत पाऊल टाकायच्या आधी, मी ती गोळी काढून पत्र्याच्या चुलीत पेटवली. तीन काड्या लागल्या. चहा झाल्यावर आमच्या घरच्या रितीप्रमाणे तो आधी नव्या जोडीदाराला दिला. तो पोरगेला होता, माझ्या मागे चालणार होता. घोट घेताना त्यानं विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" मी त्याला खरं सांगितलं, आणि मग मी पुढे झालो.